वस्तू किती वर्षं टिकायला हवी? सोलापूरच्या घरासाठी वही, दुकानातले प्रश्न आणि दुरुस्तीचा हिशोब

मिक्सर बंद पडतो, पाहुणे दारात असतात, आणि घरात एकच चर्चा सुरू होते: दुरुस्त करायचा की नवा आणायचा? घाईत घेतलेला हा निर्णय बहुतेक वेळा चुकतो. हा मिक्सर किती वर्षं चालावा अशी आपली अपेक्षा होती, त्यातली किती वर्षं झाली आणि आजवर त्यावर किती खर्च केला, हे कुणालाच ठाऊक नसतं. मग जो पहिला माणूस ठामपणे बोलतो, मिस्त्री असो की दुकानदार, त्याचं ऐकलं जातं.

घरोघरी क्रम असा असतो: घेतलं, वापरलं, बिघडलं, टाकलं. अपेक्षा ठरवणं, लिहून ठेवणं, दुकानात विचारणं आणि ऋतूप्रमाणे देखभाल करणं या मधल्या पायऱ्या गळून जातात. त्या कोणत्या क्रमाने करायच्या ते इथे सांगते. उदाहरणं सोलापूरच्या घरातली आहेत, कारण इथलं ऊन, बोअरचं जड पाणी आणि धूळ यांनी वस्तूंचं आयुष्य जेवढं कमी होतं तेवढं कंपनीच्या माहितीपुस्तकात लिहिलेलं नसतं.

टप्पा १: आधी वही, मग बाकी सगळं

एक दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक वस्तूला एक पान द्या. त्यावर वस्तूचं नाव, मॉडेल नंबर, सिरीयल नंबर, घेतल्याची तारीख, किंमत, वॉरंटी कधी संपते आणि तुमच्या मते ती किती वर्षं चालायला हवी, एवढं लिहा. खालची जागा दुरुस्त्यांसाठी मोकळी सोडा.

सगळं घर एका दिवशी लिहायला बसलात तर तिसऱ्या वस्तूला कंटाळाल. फ्रिज, वॉशिंग मशीन, मिक्सर, कुलर, गीझर या पाचांपासून सुरुवात करा. मॉडेल आणि सिरीयल नंबर मागच्या किंवा खालच्या पट्टीवर असतात. फ्रिज भिंतीला लावलेला असेल तर मोबाईल मागे धरून फोटो काढा आणि फोटोवरून उतरवून घ्या. जुन्या वस्तूचं बिल सापडत नसेल तर वर्ष आठवणीने लिहा. "थोरलीच्या लग्नाच्या आदल्या वर्षी" एवढं आठवलं तरी पुरतं.

> इशारा: दुकानातलं गुळगुळीत कागदावरचं बिल उष्णतेवर छापलेलं असतं. आपल्याकडच्या दोन उन्हाळ्यांत ते कोरं पडतं. घरी आल्याच दिवशी त्याची झेरॉक्स काढा, फोटो काढा आणि झेरॉक्स वहीच्या त्याच पानाला पिनने लावा. वॉरंटी असूनही अक्षरं उडाल्यामुळे हात हलवत परत आलेले लोक मी पाहिले आहेत.

टप्पा २: अपेक्षा ठरवा, आणि ती खाली येऊ देऊ नका

"हल्ली वस्तू टिकतच नाहीत" हे वाक्य आपण सगळेच बोलतो. ते बोलण्याचा एक परिणाम मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. वस्तू चारच वर्षं चालणार असं एकदा मनाशी धरलं की आपण तिची सर्व्हिसिंग करत नाही, जाळी साफ करत नाही, छोटा बिघाड तसाच रेटतो. मग ती खरोखर चार वर्षांत जाते, आणि पुढच्या वेळी आपण तीनच वर्षांची अपेक्षा धरून आणखी स्वस्तातली आणतो. म्हणून आकडा आधी ठरवायचा आणि कागदावर आणायचा.

आकडा ठरवताना स्वतःला तीन गोष्टी विचारा. आधीची तशीच वस्तू किती वर्षं चालली आणि कशाने गेली? आपल्या घरात तिला रोज किती काम आहे? आणि तिचा कुठला भाग सगळ्यांत आधी जातो, तो एकटा बदलता येतो का?

माझ्या वहीतून आणि आमच्या गल्लीतल्या घरांतून मी धरलेले आकडे असे आहेत. सीलिंग फॅन १५ वर्षं, आणि त्यापुढेही. फ्रिज १२ ते १५. वॉशिंग मशीन ९. मिक्सर ८ ते १०. गीझर नळाच्या पाण्यावर १०, बोअरच्या पाण्यावर ६-७. पत्र्याचा कुलर १०, पण त्यातला पंप दोन-तीन उन्हाळेच. इन्व्हर्टरची बॅटरी ४. चांगली जाड सोलापुरी चादर रोजच्या वापरात ८ ते १०. तुमच्या घरात माणसं जास्त असतील, मशीन दिवसातून दोनदा लागत असेल, तर आकडा कमी धरा.

गॅसच्या शेगडीची सुरक्षा नळी मात्र यात धरू नका. ती कितीही चांगली दिसली तरी पाच वर्षांनी बदलायचीच.

> नेहमीची चूक: वॉरंटीलाच आयुष्य समजणं. फ्रिजवर "१० वर्षं वॉरंटी" असं मोठ्या अक्षरात असतं, तेव्हा ती बहुधा फक्त कॉम्प्रेसरची असते. बाकी फ्रिजला एकच वर्ष. गॅस भरणं, मजुरी, येण्याजाण्याचा खर्च यात धरला आहे का, हे कार्डावरच्या बारीक अक्षरात वाचा. आणि वॉरंटी संपली म्हणजे वस्तू म्हातारी झाली, असंही नाही.

टप्पा ३: दुकानात कोणत्या क्रमाने विचारायचं

नव्या पेठेतल्या कुठल्याही दुकानात "काका, हा किती वर्षं चालेल?" असं विचारलंत, तर उत्तर ठरलेलं आहे: "लई चालंल की ताई, काय काळजी करू नका." काकांचा दोष नाही, आपला प्रश्नच मोघम आहे. त्याऐवजी हे विचारा:

१. याची सर्व्हिस सोलापुरात कोण करतं? त्यांचा नंबर द्या. (तिथूनच, दुकानात उभं राहूनच, फोन लावा.)
२. हमखास जाणारा भाग, म्हणजे मिक्सरचा कपलर (मोटर आणि भांडं जोडणारा तुकडा), कुलरचा पंप, मशीनची ड्रेन मोटर, इथे मिळतो की पुण्याहून मागवावा लागतो? किती दिवस लागतात?
३. मोटरची वाइंडिंग (आतल्या तारेचे वेढे) तांब्याची आहे की ॲल्युमिनियमची? बिलावर लिहून द्याल का?
४. बाहेरच्या मिस्त्रीने उघडलं तर वॉरंटी जाते का?
५. याच्या आधीचं मॉडेल अजून दुरुस्तीला येतं का, आणि त्याचे पार्ट मिळतात का?

पाचवा प्रश्न लोक सोडून देतात. पण सुटे भाग किती वर्षं मिळत राहतील याचा खरा अंदाज त्यातूनच येतो. युरोपीय संघात मार्च २०२१ पासून फ्रिजचे ठरावीक सुटे भाग किमान सात वर्षं आणि वॉशिंग मशीनचे दहा वर्षं उपलब्ध ठेवणं उत्पादकांवर बंधनकारक आहे. फ्रान्समध्ये त्याच वर्षापासून काही उपकरणांवर ती दुरुस्तीला किती सोपी आहेत याचे दहापैकी गुण छापावे लागतात. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या अखेरीस 'राईट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. त्यावर कंपन्यांची दुरुस्तीची, सुट्या भागांची आणि वॉरंटीची माहिती एकत्र ठेवली आहे. तुमची कंपनी त्यावर आहे का, ते घरून निघण्यापूर्वीच बघा.

वीजबचतीचं स्टार लेबल बघताना नुसते तारे मोजू नका, लेबलवरचं वर्षही वाचा. ताऱ्यांचे निकष काही वर्षांनी कडक होतात. त्यामुळे जुन्या लेबलचे पाच तारे आणि नव्या लेबलचे पाच तारे सारखे नसतात.

गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर घेतलेल्या वस्तूंना हे प्रश्न लागू पडत नाहीत, तिथे बिलच नसतं. डबे, झारे, पोळपाट खुशाल घ्या. वायर असलेली वस्तू तिथून घेऊ नका.

> तपासा: पैसे देण्यापूर्वी बिलावर मॉडेल आणि सिरीयल नंबर लिहिला आहे ना? खोक्यावरचा आणि वस्तूवरचा नंबर एकच आहे ना?

टप्पा ४: पहिला आठवडा

इथे थोडंच काम आहे, पण ते नंतर करता येत नाही. फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा. गीझर, एसी आणि वॉशिंग मशीन जाड पिनेच्या सॉकेटवरच लावा, मल्टिप्लगवर नको. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. संध्याकाळी व्होल्टेज पडत असेल तर फ्रिजला स्टॅबिलायझर लावा. पहिल्या आठवड्यात आवाज, गळती, वास काहीही वेगळं वाटलं तर लगेच कळवा आणि कळवल्याची तारीख वहीत लिहा. "नवीन आहे, बसेल हळूहळू" म्हणून थांबू नका.

टप्पा ५: सोलापूरच्या ऋतूंप्रमाणे देखभाल

देखभालीचं वेळापत्रक इथल्या ऊन-पाण्यावर बसवलं तरच ते पाळलं जातं. मी ते वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं आहे.

*फेब्रुवारीअखेर, कुलर.* पारा चढायच्या आधी. मार्च उजाडला की मिस्त्री मिळत नाहीत आणि पंपाचे भाव चढतात. कुलर बाहेर काढून आधी टाकीच्या तळाला हात फिरवा. गेल्या वर्षीचं पाणी तसंच राहिलं असेल तर पांढरा, खरखरीत थर लागेल आणि त्याखाली गंज. तो थर ब्रशने आणि साध्या पाण्याने काढा. लिंबू सत्व किंवा ॲसिड पत्र्याच्या टाकीला लावू नका. त्याने क्षार निघतो, पण पत्र्यावरचा जस्ताचा थरही जातो आणि पुढच्या वर्षी टाकी गळते. पंप मात्र काढून तासभर लिंबू सत्वाच्या पाण्यात ठेवला तरी चालतो. वायर आणि जोड तेवढे पाण्याबाहेर ठेवा आणि नंतर पंप धुऊन घ्या. गवत दर वर्षी बदला. मोसमात आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करा. वरून नुसती भर घालत राहिलं की क्षार साचत जातात, शिवाय डासही होतात.

> जिवाचा इशारा: कुलरमध्ये पाणी भरताना बटण बंद करून भागत नाही, पिन सॉकेटमधून काढा. पत्र्याची बॉडी, ओली फरशी आणि अनवाणी पाय एकत्र आले की एवढीशी गळती जीव घेते. घराला आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारं स्विच) नसेल तर इतर कुठल्याही खर्चाआधी तो बसवून घ्या.

*मार्च, फ्रिज.* फ्रिजच्या मागची कॉइल दिसत असेल तर पिन काढून मऊ ब्रशने धूळ झाडा. मग दाराच्या रबराची परीक्षा घ्या: दारात दहाची नोट अडकवून दार लावा आणि नोट ओढा. सहज सुटून आली तर रबर ढिलं पडलं आहे. फ्रिज न बदलता ते एकटं बदलून मिळतं.

*मे, गच्ची.* प्लॅस्टिकच्या बादल्या, खुर्च्या, पाइप उन्हात ठेवले की ठिसूळ होऊन तडकतात. सावलीत घ्या. चादरीही भर दुपारी वाळत घालू नका, रंग उडतो. चादरीच्या कडेचा एखादा धागा सुटलेला दिसला की त्याच दिवशी टाका घाला. महिनाभर थांबलात तर वीतभर उसवलेली असते.

*दिवाळीच्या साफसफाईत, वॉशिंग मशीन.* आपल्याकडे ज्या भागांत नळाला रोज पाणी येत नाही, तिथे पाणी आलं की पहिली दहा मिनिटं गढूळ येतं आणि तेच टाकीत चढतं. त्यातली माती मशीनच्या पाण्याच्या पाइपजवळच्या बारीक जाळीत अडकते. "मशीनमध्ये पाणीच येत नाही" ही तक्रार कितीदा तरी या जाळीचीच असते. नळ बंद करा, पाइप फिरवून काढा, जाळी पकडीने ओढा, जुन्या टूथब्रशने घासा. पाच मिनिटांचं काम आहे. ड्रममधल्या क्षारांसाठी कंपनीची डीस्केलिंग पावडर वापरा आणि ती रिकाम्या मशीनमध्ये गरम पाण्यावर चालवा.

*डिसेंबरच्या आधी, गीझर.* पाणी जितकं जास्त तापतं, तितका क्षार जास्त बसतो. म्हणून थर्मोस्टॅट पूर्ण वर न ठेवता ५० ते ५५ अंशांवर ठेवा. कॉइलवर थर चढला की ती आतल्या आत तापून जळते. बोअरचं पाणी असेल तर दर वर्षी आणि नळाचं असेल तर दोन वर्षांनी गीझर उघडून साफ करून घ्या. त्याच वेळी आतला मॅग्नेशियमचा दांडा बघायला सांगा. टाकीऐवजी तो दांडा झिजावा, यासाठीच तो असतो. झिजून संपला की गंज टाकीला लागतो. बरेच मिस्त्री तो बघतच नाहीत, तुम्ही नाव घेऊन सांगा.

इन्व्हर्टरच्या बॅटरीत दर दोन-तीन महिन्यांनी पातळी बघून डिस्टिल्ड वॉटरच घाला. नळाचं किंवा फिल्टरचं पाणी नाही.

मिक्सरला ऋतू नाही, पण आपल्या घरात त्याला शेंगाची चटणी आहे. भाजलेले दाणे फिरले की तेल सुटतं, गोळा पात्याखाली चिकटून बसतो आणि मोटर अडकते. भांडं अर्ध्याच्या वर भरू नका. बटण सलग न फिरवता थांबून थांबून झटके द्या, मध्ये चमच्याने सोडवा. बाहेरून बॉडी हाताला कोमट लागली की थांबा. किलोभर चटणी करायची असेल तर सरळ कांडपावर न्या.

टप्पा ६: बिघडल्यावर पहिल्या तासात

माझ्याकडून झालेली चूक सांगते. सकाळच्या घाईत मिक्सर अचानक गप्प झाला. एका दुरुस्तीवाल्याने हातात घेऊन, न उघडताच, "मोटर गेली, यात काही राहिलं नाही" असं सांगितलं. मी तो भंगारात घातला. महिन्याभराने शेजारच्या अक्कांचा तसाच मिक्सर तसाच बंद पडला. त्यांच्या मुलाने तो उलटा केला, खालचं लाल बटण दाबलं आणि मिक्सर सुरू झाला. जास्त भार पडला की ते बटण स्वतःहून बाहेर येतं आणि वीज तोडतं. मोटर वाचावी म्हणून ते दिलेलं असतं. चांगली वस्तू मी टाकून दिली, याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी सॉकेट तपासा, दुसरी वस्तू लावून बघा. मग वायर आणि पिन. मग वस्तूचं स्वतःचं संरक्षक बटण किंवा फ्यूज. मग जाळी, नळी, रबर. आणि वहीत वॉरंटीची तारीख. एवढं झाल्यावरच फोन.

पंखा हळू फिरतोय, हाताने ढकलल्यावर सुरू होतोय, तर बहुधा कंडेन्सर गेलेला असतो. तो अगदी स्वस्त भाग आहे. त्यात वीज साठून राहते, म्हणून तो इलेक्ट्रिशियनकडूनच बदलून घ्या.

मिस्त्री आल्यावर तीन गोष्टी पाळा. आधी खर्चाचा आकडा कागदावर घ्या. बदललेला जुना भाग परत मागा. आणि "मोटर जळाली" असं ऐकलं तर दुसऱ्याला दाखवल्याशिवाय होकार देऊ नका. सोलापूर यंत्रमागांचं गाव आहे, इथे मोटर भरून देणारे कारागीर आहेत. मिक्सर, कुलर, पाण्याची मोटर त्यांच्याकडे न्या आणि तांब्याच्या तारेनेच भरायला सांगा.

> तपासा: वस्तू वॉरंटीत आहे आणि दाद मिळत नाही? लेखी तक्रार करा, तिचा क्रमांक वहीत लिहा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायचं तर तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूच्या तक्रारीला शुल्क नाही.

टप्पा ७: दुरुस्ती की नवं, वर्षाचा हिशोब

"दुरुस्ती निम्म्या किमतीच्या वर गेली तर टाका" असा ठोकताळा सगळीकडे ऐकू येतो. मला तो पटत नाही, कारण त्यात वर्षंच मोजलेली नाहीत. मी असा हिशोब करते: दुरुस्तीचा खर्च भागिले ती आणखी किती वर्षं चालेल. शेजारी नव्याची किंमत भागिले ते किती वर्षं चालेल. जो आकडा लहान, ते करायचं.

मिक्सर नवा ४,८०० ला, आठ वर्षं धरली तर वर्षाला ६००. जुन्याची दुरुस्ती ९००, आणखी तीन वर्षं चालेल तर वर्षाला ३००. दुरुस्त करा. वॉशिंग मशीन नवी १८,००० ला, नऊ वर्षं, म्हणजे वर्षाला २,०००. जुनीचा सर्किट बोर्ड ६,५०० चा आणि मशीन आधीच आठ वर्षांची, फार तर दोन वर्षं चालेल, म्हणजे वर्षाला ३,२५०. इथे थांबा.

"आणखी किती वर्षं" हा आकडा वहीतून येतो. गेल्या दीड वर्षात वेगवेगळे तीन भाग गेले असतील तर एकाहून जास्त वर्षं धरू नका. एकच भाग गेला आणि बाकी शरीर धडधाकट असेल तर अपेक्षेतली उरलेली सगळी वर्षं धरा.

चालू वस्तू केवळ जुनी झाली म्हणून काढू नये, असं माझं ठाम मत आहे. ती बनवताना लागलेलं लोखंड, तांबं, वीज, पाणी खर्च होऊन गेलेलं आहे. नवी आणली की तो खर्च पुन्हा होतो. याला एक अपवाद मी करते: जी वस्तू दिवसभर वीज खाते. जुना ७५ वॅटचा पंखा दिवसाला १२ तास, वर्षात ३०० दिवस फिरला तर २७० युनिट घेतो. ३० वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा तेवढ्याच वेळेत १०८. फरक १६२ युनिटांचा. युनिट ८ रुपये धरलं तर वर्षाला जवळपास १,३०० रुपये. म्हणून जिथे पंखा रात्रंदिवस फिरतो त्या खोलीत तो बदला, आणि जुना देवघरात किंवा पाहुण्यांच्या खोलीत लावा, जिथे तो तासभरच लागतो. मिक्सर दिवसातून दहा मिनिटं चालतो, त्याला हा अपवाद लागू नाही.

टप्पा ८: निरोप

खरोखर संपलेली वस्तू देण्याआधी तिच्यातलं कामाचं काढून घ्या: मिक्सरची भांडी, फ्रिजचे ट्रे, चांगली वायर. बॅटरी नवी घेताना जुनी दुकानदारालाच द्या, तिचे पैसे वजा होतात. मोबाईल रिसेट केल्याशिवाय देऊ नका. बाकी इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी आधी कंपनीची परत घेण्याची सोय विचारा, नाहीतर अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या. तांब्यासाठी तारा जाळणाऱ्याच्या हाती देऊ नका. तो धूर त्याच्याच वस्तीत राहतो. जुनी चादर गोधडीच्या आत घाला.

मग वहीचं ते पान बंद करा. शेवटची ओळ लिहायची आहे: किती वर्षं चालली आणि कशाने गेली. पुढच्या खरेदीच्या वेळी टप्पा २ मधला आकडा इथूनच येतो. त्या टाकून दिलेल्या मिक्सरनंतर आणलेल्या मिक्सरचं माझं पान असं संपतं: "घेतला दिवाळी २०१४. कपलर तीनदा, भांड्याची पाती दोनदा, मोटर एकदा भरून घेतली. मार्च २०२५ मध्ये बॉडी तडकली. दहा वर्षं पाच महिने."